पाठमोऱ्या माणसाची फ्रेम

अमेरिकेत तुम्ही काय करत होतात, असं कोणी विचारलं की मी सांगते, "फ्रेमा करत होते." समोरच्याला आधी चष्म्याचं दुकान आठवतं. मग मी चित्रांच्या फ्रेमा म्हणते, तेव्हा चेहरा जरा पडतो. बेलव्ह्यूमध्ये आपल्या माणसांच्या घरी 'कसं काय' विचारलं तरी उत्तरात एखादा सर्व्हर यायचाच. अशा गावात इंजिनीअरची बायको स्टेपल गन घेऊन दिवसभर लाकडं जोडते, ही गोष्ट माझ्या नवऱ्याने, अनिलने, नागपूरला आपल्या आईला पहिली दोन वर्षं सांगितलीच नाही. "सुलभा आर्टमध्ये आहे," एवढंच तो सांगायचा. तसं ते खोटं नव्हतं. मी आर्टमध्येच होते, फक्त कडेकडेने.

काम सांगायला सोपं आहे. चित्राभोवती चार पट्ट्या, त्या कोपऱ्यात अशा कापायच्या की जोड दिसू नये. कागदावरचं चित्र असेल तर त्याच्या आणि काचेच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची खिडकी, म्हणजे मॅट. ती खिडकी तिरक्या पात्याने एका दमात कापायची. मध्ये शिंक आली तर पुठ्ठा वाया. मी एका वर्षात शिंक दाबायला शिकले आणि दोन वर्षांत गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून ओळखायला लागले की हा माणूस चित्र घेऊन आलाय की भिंत घेऊन. बहुतेक जण भिंत घेऊन यायचे.

दोन हजार एकमध्ये मी लागले तेव्हा कंपन्या पटापट बुडत होत्या. माझं पहिलं मोठं काम म्हणजे एका गृहस्थांची चेरीच्या लाकडाची देखणी फ्रेम उघडणं. आत त्यांच्या कंपनीचा शेअरचा कागद होता. कंपनी गेली होती, फ्रेम मात्र ठणठणीत होती. "यात मुलीचा डिप्लोमा बसेल का?" त्यांनी विचारलं. बसला. शेअरचा कागद मी परत द्यायला लागले तर म्हणाले, "मागे भरा की, पुठ्ठ्याऐवजी." एकदा पुण्याचा एक तरुण ग्रीन कार्ड मंजूर झाल्याचं पत्र घेऊन आला. त्याला उन्हाने रंग उडू न देणारी सगळ्यात भारी काच हवी होती. "काकू, शाई फेड व्हायला नको यार, आठ वर्षं थांबलोय." मी त्याला ती काच लावून दिली. आमच्या दुकानात आलेल्या चित्रांपैकी शंभरातल्या नव्वदांना मी ती काच लावली नसती, पण त्या पत्राला लावताना मला काही वाटलं नाही.

दुकानाची मालकीण कॅरोल. पुढे गॅलरी, मागे माझी खोली. कॅरोल साठीची, हातात चांदीच्या डझनभर बांगड्या, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना आवाज इतका खाली की माणूस आपोआप चित्राच्या जवळ सरकायचा. कोणी एका चित्रापुढे दहा सेकंदांहून जास्त थांबलं की ती मागून येऊन कुजबुजायची, "ते तुमच्याशी बोलतंय ना?" बिचाऱ्याला नाही म्हणायची लाज वाटायची.

सगळ्यात जास्त बोलणारी चित्रं होती रामोनची. रामोन हा स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका लहान गावातला चित्रकार. कॅरोलला तो कुठल्याशा प्रदर्शनात सापडला आणि वर्षातून दोनदा त्याच्याकडून बारा बारा कॅनव्हास येऊ लागले. सगळा समुद्र. कॅरोलने छापलेल्या माहितीपत्रकात होतं, 'वीस वर्षं जहाजांवर रंगकाम करत सात समुद्र पालथे घातलेला भटका कलावंत.' फोटोत तो वाऱ्यात उभा होता. चित्रांना नावं कॅरोल द्यायची. 'निळी हाक' म्हणून एक होतं. ते विकलं गेल्यावर 'निळी हाक दोन' आलं.

निळी चित्रं आठवड्यात जायची. त्या वर्षांत लेकसाइडला नवी घरं झाली, प्रत्येकात फायरप्लेस, प्रत्येक फायरप्लेसवर मोकळी भिंत, आणि त्या भिंतीवर टांगायला आमच्याकडे समुद्र. आपली मंडळी टेप आणि सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन यायची. "यात अजून थोडा हिरवट, टील मिळेल का?" असं विचारायची. समुद्राला.

प्रसाद आणि मृणाल त्यांतलेच. दोघं पुण्याचे. प्रसाद सॉफ्टवेअरमध्ये मॅनेजर, मृणाल टेस्टिंगमध्ये. मुलं चांगली, अडीनडीला धावून येणारी. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मृणालने पंधरा दिवस डबा पोचवला होता. त्यांना नव्या घरासाठी रामोन हवा होता, पण त्या खेपेचे अकरा निळे संपले होते. उरला होता बारावा, करडा. थंडीतला समुद्र, वर आभाळ जवळजवळ त्याच रंगाचं, आणि डाव्या कडेला धक्क्यावर उभा एक माणूस. पाठमोरा, तपकिरी जाकीट, हातात बादली. कॅरोलने नाव दिलं होतं 'एकांत'. मला ते चित्र आवडायचं. जेवणाचा डबा मी त्याच्यासमोर बसून खायचे. त्या माणसाचे खांदे कुणीतरी नीट बघून काढलेले होते. बाकीच्या समुद्रांकडे रामोनने तसं बघितलेलं दिसत नव्हतं.

मृणालने फोटो काढून पुण्याला आईकडे पाठवला, आईने वास्तुतज्ज्ञांकडे. दुसऱ्या दिवशी निर्णय आला. पाणी चांगलं, दिशा चांगली, माणूस वाईट. "काकू, तो पाठ करून उभा आहे ना, म्हणजे घरातून कोणीतरी बाहेर चाललंय असं होतं. लक्ष्मी पण जाते त्याच्याबरोबर."

"त्याच्या हातात बादली आहे गं," मी म्हटलं.

"तेच तर!"

प्रसाद म्हणाला, "माणूस क्रॉप नाही का करता येणार?"

मी कॅरोलकडे पाहिलं. वाटलं, ही तरी आता आवाज वर चढवेल. कॅरोल कुजबुजली, "सुलभा इज अ जीनियस विथ कॅनव्हास."

कॅनव्हास म्हणजे जाड कापड. ते लाकडी चौकटीवर ताणून मागे स्टेपल मारतात. चौकट लहान केली की जास्तीचं कापड मागे वळवता येतं. कापायला लागत नाही. पण तैलरंग वाळला की ताठ होतो, आणि धारेवर वळवला की आज ना उद्या तडकतो. हे मला माहीत होतं. ते मी त्या तिघांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. डब्याचे पंधरा दिवस आठवले, हे एक. दुसरं जास्त खरं आहे. कॅरोलने जीनियस म्हटलं होतं आणि मला ते करून दाखवायचं होतं.

मी दोन दिवस घेतले. हेअर ड्रायरने रंग हळूहळू कोमट केला, धारेला गोलाई दिली, कापड एकेक इंच ओढत नेलं. तो माणूस कडेवरून वळून मागे गेला. कोपरे असे बसले की मी स्वतःच दोनदा हात फिरवून पाहिला. माझ्या सगळ्या नोकरीत तेवढं स्वच्छ काम मी दुसरं केलं नाही. मृणालने मला मिठी मारली. फायरप्लेसवर चित्र लागलं. रिकामा करडा समुद्र.

पुढच्या वर्षी कॅरोलने खुद्द रामोनला प्रदर्शनासाठी बोलावलं. आम्ही वाऱ्यातल्या फोटोची वाट बघत होतो. आला तो बुटका, पोट सुटलेला, तोकड्या बाह्यांच्या शर्टातला माणूस. गालिच्यावरून चालतानाही जमीन हलेल की काय अशा बेताने पाय टाकायचा. पहिल्याच दिवशी माझ्या खोलीत आला आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "यंदा सोफे कुठल्या रंगाचे?"

मी माहितीपत्रक दाखवलं. वीस वर्षं जहाजांवर रंगकाम. तो हसला. खरंच केलं होतं. मालवाहू जहाजांचा गंज खरवडायचा आणि त्यावर लाल रंग मारायचा. चित्रकार नव्हे, रंगारी. आणि समुद्र त्याला लागायचा. वीस वर्षं उलट्या करत त्याने जग पाहिलं होतं, तेही बंदराच्या कुंपणापर्यंत. सुट्टीत चित्रं काढायचा. एकदा चित्रं विकली गेली तसा तो जहाजावरून जो उतरला तो पुन्हा चढला नाही. घरामागच्या गॅरेजमध्ये सहा सहा कॅनव्हास ओळीने लावून तो समुद्र काढायचा. आधी सगळ्यांची आभाळं, मग सगळ्यांच्या लाटा.

मला राग आला. आम्ही त्याच्या वतीने इतकी वर्षं कलेची काळजी वाहत होतो, आणि हा बाबा समुद्राच्या पोळ्या लाटत होता.

'आपल्या' चित्रकाराला जेवायला बोलवायचं प्रसादने ठरवलं. रविवारी दुपारी श्रीखंड-पुरी, कोथिंबीरवडी. पंधरा-वीस माणसं. कॅरोलही बांगड्यांसकट. आम्हा लोकांचे प्रश्न सुरू झाले. एक चित्र काढायला किती दिवस लागतात? इन्स्पिरेशन कुठून येतं? ऑनलाइन का विकत नाही? "इंडियात आलात कधी?" कोणीतरी विचारलं.

"कांडला," रामोन म्हणाला. सगळे खूश. "कसं वाटलं?"

"नऊ दिवस जहाजाला धक्का मिळाला नाही. मीठ आणि ट्रक." मग सभ्यपणाने त्याने जोडलं, "ट्रक फार सुंदर रंगवलेले."

वड्या त्याला आवडल्या. चौथी वडी उचलताना त्याची नजर फायरप्लेसवर गेली आणि तिथेच राहिली. तो उठून जवळ गेला.

"ओळखलंत ना?" प्रसाद मागोमाग गेला. "वी गॉट इट कस्टमाइज्ड. पण एक इंच कापलेलं नाही, बघा." आणि त्याने चित्र भिंतीवरून उतरवलं, उलटं केलं आणि सोफ्याच्या पाठीवर टेकवून सगळ्यांना दाखवलं. "ही इज स्टिल देअर! सगळं काकूंचं काम. परफेक्ट आहे ना?"

मागच्या बाजूला तो माणूस होता. अर्धा खांदा कडेवर, बाकीचा लाकडावर चपटा, आणि माझ्या पाच स्टेपल्स बरोबर त्याच्या पाठीत. काम करताना मी त्या मोजल्या नव्हत्या. रामोनने मोजल्या. एकेकीवर बोट ठेवून.

"कोणी केलं?"

माझ्या हातात श्रीखंडाची वाटी होती. "मी."

त्याने चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "कोपरे चांगले आहेत." जागेवर जाऊन बसला आणि ताटातलं सगळं खाल्लं, लोणच्याची फोडसुद्धा. कॅरोलने कुजबुजून काहीतरी म्हटलं ते त्याला ऐकू गेलं नाही किंवा त्याने जाऊ दिलं नाही. निघताना त्याने फक्त मला विचारलं, "तुझं दुकान किती वाजता उघडतं?"

सोमवारी दुकान बंद असायचं. मी उघडलं. तो आला, माझ्या टेबलासमोर स्टुलावर बसला. चित्रातला तो माणूस त्याचा थोरला भाऊ होता, मानुएल. त्याची लहान होडी होती. रामोनला समुद्र लागतो म्हणून गावात त्याची जन्मभर थट्टा झाली. मानुएलला कधीच लागला नाही. एका हिवाळ्यात तो सकाळी गेला आणि होडी सापडली, तो सापडला नाही. ते चित्र रामोनने स्वतःसाठी काढलं होतं. त्या एकाच चित्राला सात महिने लागले होते.

"मग इकडे का पाठवलंत?"

त्याने खांदे उडवले. "कॅरोलला बारा पाहिजे होते. माझ्याकडे अकरा होते. ट्रक दारात उभा होता."

एवढंच.   मग म्हणाला, "ते परत मिळेल? मी त्यांना दुसरं देतो. निळं."

मी प्रसादला फोन करून बदल्यात निळं चित्र मिळेल असं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, असं कसं? ते आमचं आहे. आणि आर्टिस्टलाच परत पाहिजे म्हणजे त्यात काहीतरी असणार. इट्स ॲन इन्व्हेस्टमेंट." चित्रातला माणूस रामोनचा गेलेला भाऊ आहे हे सांगितल्यावर तो खरंच हळहळला. मग म्हणाला, "म्हणजे याची स्टोरी पण आहे!" त्याच्या आवाजातच मला कळलं की आता तो चित्र कधीच सोडणार नाही.

मग मी मृणालला फोन केला. "मृणाल, तुमच्या फायरप्लेसच्या भिंतीपलीकडे काय आहे गं?"

"देवघर. का?"

"काही नाही. तो माणूस आता चित्राच्या मागच्या बाजूला आहे ना, त्याची पाठ भिंतीकडे आहे. म्हणजे थेट देवांकडे पाठ करून उभा आहे. वर्ष झालं."

"वर्षभर?" मृणालने विचारलं.

"मला काय त्यातलं कळतं म्हणा," मी म्हटलं. "आईंना विचार हवं तर."

आईंना विचारायची गरज पडली नाही. तासाभरात मृणाल स्वतः ड्राइव्ह करून आली. चित्र चादरीत गुंडाळून गाडीच्या ट्रंकमध्ये, आणि हातात सोफ्याची एक उशी. मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते. तरी इतक्या वर्षांत मृणालशी बोलताना मला त्या दिवसाची थोडी चोरी वाटतेच. ती हे वाचेल. मृणाल, डबे आठवतात गं मला.

पुढचे दोन दिवस रामोनने माझ्या खोलीत उभं राहून त्या उशीसाठी समुद्र काढला. भिंती रंगवायचा रुंद ब्रश घेतला होता. निळा कालवायचा, उशीजवळ धरायचा, मान हलवायचा, परत कालवायचा. मृणाल मध्ये एकदा येऊन "थोडा टील?" म्हणून गेली. त्याने तोही घातला. मी हसायच्या तयारीत उभी होते. पण त्याने शेवटी एका कापडाने लाटेचं पाणी पुसून काढलं तेव्हा खालून जो उजेड आला, तो पाहून माझं हसायचं राहून गेलं. पोळ्या लाटणाराही हात असतोच. प्रसादला चित्र अस्सल असल्याचं सर्टिफिकेट हवं होतं. रामोनने लिहून दिलं, 'हा समुद्र मी या सोफ्यासाठी काढला.' कॅरोलने ते हळूच काढून घेतलं आणि दुसरं टाइप केलं.

मग आम्ही करडं चित्र उघडलं. स्टेपल्स मी एकेक करून काढल्या, चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने, खाली पुठ्ठा धरून. कापड मागून पुढे आलं. माणूस परत धक्क्यावर उभा राहिला. आणि त्याच्या नि समुद्राच्या मध्ये, वरपासून खालपर्यंत, दोन तडे होते. एकाची खपली माझ्या बोटाला लागून आली. तपकिरी, जाकिटाची.

रामोनने वाकून पाहिलं. "वळवलं की असं होणार, हे माहीत असतं तुम्हा लोकांना?"

तेवढ्यात कॅरोल आत आली. ती विचारत होती की प्रदर्शनाची पाटी कुठे ठेवलीस. मी तिला पाटी दाखवली, आणि मग त्याला म्हटलं, "कधी कधी होतं."

त्याने मान हलवली. दुरुस्त करून देऊ का म्हटलं तर नको म्हणाला. फ्रेम? तीही नको. मी खोका बांधून पाठवीन एवढं ठरलं. कुरिअरचा फॉर्म त्याने स्वतः भरला आणि तो विमानाने गेला.

खोका मी मन लावून बांधला. पातळ लाकूड, कोपऱ्यांना फोम, चित्राला कुठेही काही टेकणार नाही असा. दोन दिवसांनी कुरिअरच्या ऑफिसातून फोन आला. तरुण मुलाचा आवाज, फार नम्र.

"मॅम, कंटेंट्सच्या जागी काहीतरी स्पॅनिश लिहिलंय. आमच्या इथली एकजण म्हणते त्याचा अर्थ 'माझा भाऊ'." तो अडखळला. "मॅम, आय हॅव टू आस्क. यात अस्थी वगैरे आहेत का? त्याला वेगळा फॉर्म लागतो."

"नाही, नाही," मी म्हटलं. "चित्र आहे. ऑइल ऑन कॅनव्हास."

"ओके. म्हणजे भाऊ नाही."

"नाही."

कीबोर्डचा आवाज आला. "नवीन की वापरलेलं?"

"वापरलेलं."

"पाठवायच्या आधीचं काही डॅमेज?"

"हो. दोन तडे आहेत. वळवलं की तडकणार हे मला माहीत होतं. तरी मी वळवलं."

कीबोर्डचा आवाज थांबला. "मॅम, इथे तेवढी जागा नाहीये. फक्त येस ऑर नो."

"येस," मी म्हटलं.